आप्पासो मास्तर आणि दोन दासांचा दाखला

आप्पासो मास्तरांनी आयुष्यात कुणाला सल्ला दिला नाही. ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि मला वैताग. मी पडले नर्स. माझी उभी हयात मिरजेला वॉर्डात गेली ती लोकांना हे कर, ते करू नको, गप पडून राहा, असं सांगण्यात. मास्तरांना कुणी काही विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवणार आणि उलट त्यालाच प्रश्न विचारणार. विचारणारा शेवटी स्वतःच आपलं उत्तर शोधून, वर मास्तरांचे आभार मानून घरी जायचा. फुकटची वाहवा म्हणतात ती हीच, असं मी त्यांना तोंडावर सांगत असे. ते हसायचे.

सांगलीत विश्रामबागला आमची घरं एकाच गल्लीत. ख्रिस्ती माणसाचं नाव आप्पासो कसं, असं चर्चला नवा पाळक आला की हमखास विचारतो. "आजोबांनी धर्म बदलला, नावं बदलायची राहून गेली," असं मास्तर सांगतात. गाव त्यांचं जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेवर. हायस्कुलात विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, बायको गेली. एक मुलगी, संयोगिता, तिचं लग्न होऊन ती कोयनानगरला. उरला तो गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही पाच-सात जण शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास करायला जमतो.

हा अभ्यास प्रवचनासारखा नसतो. मास्तर तरुणपणी पाचगणीच्या एका शिबिरातून ही पद्धत शिकून आले. येशूचा एखादा दाखला, म्हणजे त्यानं सांगितलेली बोधाची गोष्ट, मोठ्या अक्षरात छापून त्याच्या प्रती सगळ्यांना वाटायच्या. बिस्किटाच्या डब्यात रंगीत पेन्सिली. माणसं दिसली की लाल गोल, काम दिसलं की निळी रेघ, परत परत आलेला शब्द हिरवा. आधी काय लिहिलंय ते बघायचं. मग त्याचा अर्थ काय ते. आणि शेवटी प्रत्येकानं सांगायचं, मी ह्या आठवड्यात काय करणार. पुढच्या गुरुवारी सुरुवातच त्यानं व्हायची, केलं का म्हणून. मध्ये कुणी आपल्या पदरचं काही बोललं की मास्तर शांतपणे म्हणायचे, "कुठं लिहिलंय?" आणि तिसऱ्या पायरीवर कुणी काहीही ठरवलं तरी दुसऱ्यानं त्यात तोंड घालायचं नाही. तो त्याचा आणि देवाचा प्रश्न. हा नियम मास्तरांनी कधी मोडू दिला नाही.

आमच्यात बायडाबाई आहेत, हॉस्पिटलात आया होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दाखला दोनदा मोठ्यानं वाचतात. हरवलेलं नाणं शोधायला बाई घर झाडते, त्या दाखल्याला त्यांनी "मी घर झाडीन" असं ठरवलं, आणि झाडता झाडता माळ्यावरनं पडल्या. पाय मी बांधला. मास्तरांना म्हटलं, आता तरी लोकांना जरा वळण लावा. तर म्हणाले, "त्यांनी वाचलं आणि केलं. आपल्यातलं कोण करतं?"

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ तापानं गेला. गावाला महिन्यातून एकदा एक उपदेशक यायचा. त्यानं आईला पेरणाऱ्याचा दाखला सांगितला, दगडाळ जमिनीवर पडलेलं बी उगवतं आणि वाळून जातं, आणि म्हणाला, बाई, तुमचा विश्वास दगडाळ होता. आईनं ते खरं धरलं आणि मरेपर्यंत वागवलं. पुढं पाचगणीला मास्तरांच्या हातात तोच दाखला नुसता कागदावर पडला. त्यात पोरगं मेल्याचं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी ते शिबिराच्या मागच्या झाडीत जाऊन रडले. देवाच्या नावानं कुणाच्या गळ्यात आपलं म्हणणं बांधायचं नाही, हे त्यांनी तिथं ठरवलं. हे ऐकल्यावर मीही त्यांची थट्टा जरा कमी केली.

आता संयोगिताचं. रोहनचं स्थळ चर्चच्या ओळखीतूनच आलं होतं. प्रकल्पावर पक्की नोकरी, कॉलनीत क्वार्टर, चर्चच्या कन्व्हेन्शनला कीबोर्ड वाजवायचा, बोलणं गोड. मलाही तो पसंत होता, खोटं कशाला बोलू. गेल्या नाताळाला दोघं येणार होती. आली ती एकटीच, तीही नाताळ होऊन गेल्यावर, एक बॅग घेऊन. मास्तर बाजारात गेले होते म्हणून माझ्याकडे चावी मागायला आली. मी तिला जवळ घेतलं तशी ती आखडली. मी दार लावलं आणि तिची बाही वर केली. दंडावर बोटं उमटलेली. पिवळे पडलेले वळ जुने, निळे नवे. मानेवर दोन्ही बाजूंना तसंच. नर्सला ह्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मास्तरांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "राहू दे तिला इथं. तिला काही विचारू नका, सिस्टर. तिचं तिला बोलू दे."

ती राहिली. गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. बायडाबाईंच्या नकला करून आम्हाला हसवू लागली. मध्ये रोहन येऊन गेला, पुढच्या खोलीत ढसाढसा रडला. आमच्यात पाया पडायची रीत नाही, तरी त्यानं मास्तरांचे पाय धरले. संयोगिता आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मला वाटलं, सुटली पोरगी.

गुरुवारी आमचे दाखले ओळीनं चालले होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात पाळी आली दोन दासांच्या दाखल्याची. पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? येशू म्हणतो, सात कसलं, सातांच्या सत्तर वेळा. आणि गोष्ट सांगतो. एका दासाचं राजाकडे डोंगराएवढं कर्ज असतं. तो पाया पडतो, राजाला दया येते, सगळं माफ. बाहेर पडतो तर त्याला दुसरा एक दास भेटतो, त्याचं ह्याला किरकोळ देणं असतं. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं, तो पहिल्याला बोलावून शिक्षा करणाऱ्यांच्या हवाली करतो. मनापासून क्षमा केली नाही तर तुमचंही असंच होईल, असा शेवट.

बुधवारी मी मास्तरांना गाठलं. "हा दाखला ह्या आठवड्यात सोडा," म्हटलं. "पोरीची जखम अजून ओली आहे."

"आपल्याला अडचणीचं ते गाळायचं, तर मग वाचायचं कशाला?" ते म्हणाले. "आणि सिस्टर, कागदावर गळा धरणाऱ्याला शिक्षा झालेली आहे. ती वाचेल ना ते."

त्यांचा त्या कागदावर इतका विश्वास होता.

गुरुवारी दाखला दोनदा वाचून झाला. पेन्सिली फिरल्या. बायडाबाई म्हणाल्या, "आवं, त्येनं तर गळाच धरला की त्येचा. लय वंगाळ माणूस." संयोगितानं मान वर केली नाही. ती हिरव्या पेन्सिलीनं गोल करत होती, क्षमा ह्या शब्दाभोवती, सावकाश, पुन्हा पुन्हा, कागद फाटेस्तोवर. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीला सगळ्यांनी आपापलं सांगितलं. कुणी भाऊबंदकीत बोलणं सुरू करणार होतं, कुणी जावेला फोन. तिची पाळी आली.

"मी रोहनला क्षमा करणार," ती म्हणाली. "शनिवारी कोयनानगरला जाणार."

मास्तरांचा चष्मा कपाळावरच राहिला. मग त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "क्षमा करणं लिहिलंय. परत जाणं कुठं लिहिलंय?"

मला बरं वाटलं. म्हटलं, अजून धार आहे म्हाताऱ्यात.

"सत्तर वेळा लिहिलंय, पप्पा," ती म्हणाली. "जो समोर येणारच नाही, त्याला सत्तर वेळा कशी करायची? पेत्रानं विचारलं ते पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या भावाबद्दल. आणि राजानं हिशेब माफ करून त्याला काढून नाही टाकलं. मोकळं सोडलं."

मास्तरांनी कागदाकडे बघितलं. त्यांना खोडता येईना. पोरगी त्यांचीच, पद्धत त्यांचीच, आणि तिनं एक शब्द पदरचा घातलेला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला राहवलं नाही. "संयू, बाही वर कर आणि सगळ्यांना दाखव," मी म्हणाले.

"सिस्टर, ते कागदावर नाही," ती म्हणाली, आणि बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

मास्तरांनी मला हातानं थांबवलं. नियम. आपल्या पोटच्या पोरीसाठीसुद्धा त्यांना तो मोडवेना. मग शेवटची प्रार्थना त्यांनी केली नाही. ती बायडाबाईंनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दोघं स्वयंपाकघरात. ती पोळ्या लाटत होती, हे ओट्याला टेकून उभे. मला बघूनही मास्तर थांबले नाहीत. "जाऊ नको," ते म्हणत होते. मी त्यांच्या तोंडून कुणासाठी 'नको' हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"हे शिकवणारे म्हणून सांगताय की बाप म्हणून?"

"बाप म्हणून."

तिनं लाटणं बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही. "बापाला मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही विचारलंत, तुला काय वाटतं? मला काय वाटायचं होतं? मला भीती वाटत होती. मला तुम्ही चल म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, तुझं उत्तर तुलाच मिळेल. आता मिळालंय. आता तुम्ही मध्ये येऊ नका."

मास्तर म्हणाले, "चुकलो." ती म्हणाली, "मग क्षमा केली." आणि पोळी तव्यावर टाकली. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

शनिवारी स्टँडवर तिची बॅग मास्तरांनीच उचलली. कराडपर्यंत एक गाडी, पुढं पाटणवरून घाटाची दुसरी. प्रवासाला निघणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आमच्याकडे रीत. त्यांनी हात ठेवला. तोंडातून फक्त "प्रभू" एवढंच आलं, आणि कंडक्टरनं घंटी मारली.

पुढच्या गुरुवारी, केलं का म्हणून विचारायची वेळ झाली तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. "मी केलं, पप्पा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मागे रोहन हात जोडून हसत होता. ईस्टरला तिकडच्या चर्चमध्ये दोघांनी उभं राहून साक्ष दिली, प्रभूनं आमचं घर पुन्हा बांधलं म्हणून. त्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. लोकांनी मास्तरांचं अभिनंदन केलं. तुमच्या अभ्यासाचं फळ, असं पाळकसाहेब उपासनेत बोलले. मास्तर बाकावर खाली मान घालून बसले होते.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मग व्हिडिओ बंद, नुसता आवाज. नेटवर्क नाही, घाटात असंच असतं, म्हणायची. मग आवाजही आठवड्यातून एखादा, आणि मागे कुणीतरी उभं असल्यासारखा तुटक.

मे महिन्यात एका सकाळी मास्तर माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, हातात तोच कागद, त्यांची स्वतःची प्रत. आत येऊन बसलेही नाहीत.

"सिस्टर, राजाला कळलं कसं?"

"कोणत्या राजाला?"

"दाखल्यातल्या. मी शंभरदा शिकवला असेल. राजाला कळतं, असंच आपण म्हणतो. आपोआप नाही कळलं. हे बघा." त्यांचं बोट एका ओळीवर होतं. तिथं आणखी काही दास होते. त्यांनी गळा धरताना पाहिलं, त्यांना फार दुःख झालं, आणि त्यांनी जाऊन धन्याला सगळं सांगितलं. "ह्या माणसांना मी कधी गोलच केला नाही. लाल पेन्सिल हातात असून. त्यांना क्षमा करायला कुणी सांगितलेलंच नाही. ज्याचा गळा धरला त्यालाही नाही. बघणाऱ्यांचं काम सांगायचं होतं. ते मी होतो, सिस्टर. तुम्ही होतात. ती तिसऱ्या पायरीवर बोलली तेव्हा मी हे तिच्या पुढ्यात ठेवायला पाहिजे होतं. ते तिथंच होतं."

ते लहान मुलासारखे रडायला लागले. माझ्या डोळ्यांनाही धार लागली. मग मी तोंड धुतलं आणि म्हटलं, चला.

कोयनानगरला पोचेपर्यंत दुपार झाली. आधी चौकीत गेलो. तिथला हवालदार चांगला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, तुमचं खरं हाय. पण बाई काय म्हणती? तिनं न्हाई म्हटलं तर आमी काय करायचं? तिला घेऊन या, मी आत्ता लिवून घेतो."

क्वार्टरचं दार रोहननं उघडलं. "अरे, पप्पा, सिस्टर, कळवायचं तरी," असं म्हणून त्यानं पंखा लावला. संयोगिता बाहेर आली. मे महिन्याच्या उकाड्यात लांब बाह्या आणि गळ्याला ओढणी गुंडाळलेली. डाव्या डोळ्याची कड सुजलेली होती, कपाटाचं दार लागलं म्हणाली. मी आजवर कपाटाची दारं लागलेल्या किती बायकांच्या पट्ट्या केल्या आहेत. रोहन चहा ठेवायला आत गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मला त्या खोलीत कळलं, कारण आता तो आम्हा तिघांनाही बसत होता.

मास्तर तिच्याशेजारी कॉटवर बसले. आवाज खाली आणून त्यांनी तिला ती ओळ दाखवली. बघणाऱ्यांनी सांगितलं, हे दाखवलं. "माझं चुकलं, बाळ. मी सांगून आलोय. साहेब चौकीत आहेत. तू फक्त उठ. बॅगसुद्धा घेऊ नको. चल." आयुष्यभर न दिलेले सगळे हुकूम त्यांनी त्या एका दमात दिले.

तिनं कागद हातात घेतला. शांतपणे पूर्ण वाचला, अगदी त्यांनी शिकवलं तसा, पहिल्या ओळीपासून.

"त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "राजानं पहिल्याला बोलावलं. शिक्षा केली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ज्याचा गळा धरला होता तो? तो तर तुरुंगात होता ना? तो सुटला का?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला. ओळींवरनं बोट फिरवलं, खालपर्यंत. परत वर गेले. मीही वाकून बघितलं. राजा होता, पहिला दास होता, रागावणं होतं, शिक्षा होती. त्या दुसऱ्या माणसाचं पुढं काही नव्हतं. त्याला तुरुंगात टाकल्यावर त्याचं नावच कुणी काढलेलं नव्हतं.

"सुटला," मास्तर म्हणाले. "सुटलाच असणार, बाळ. एवढं सगळं कळल्यावर त्याला कोण आत ठेवेल?"

"असणार, हे तुम्ही घालताय, पप्पा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं कागदाची घडी केली आणि त्यांच्या खिशात ठेवली. "चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिलीय मी. आता मी वेगळं बोलले तर माझं कोण खरं मानणार? आणि मी दमलेय. मला आता अजून एक अर्थ नको."

"अर्थ राहू दे. तू चल."

आतून रोहननं हाक मारली, साखर कुठंय म्हणून. ती उठली. मास्तरांनी तिचं मनगट धरलं. तिनं झटक्यात हात मागे घेतला आणि कोपरानं तोंड झाकलं. बापापासून. मास्तरांनी आपला तो हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

चहा तिनंच आणला. आम्ही तो घेतला. रोहन आम्हा दोघांना गाडीपर्यंत सोडायला आला, आणि त्यानं मास्तरांना हात धरून गाडीच्या पायरीवर चढवलं.